केहिमकरांचा इतिहास आणि नवगावची सात जोडपी

काही ग्रंथांचे दैव मोठे विचित्र असते. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी आपल्या बेने इस्राएल समाजाचा इतिहास इंग्रजीत लिहून हातावेगळा केला तो १८९७ साली; तो छापून निघाला १९३७ साली, आणि तोही मुंबईस नव्हे तर तेल अवीव येथे, लेखकाच्या मृत्यूस बराच काळ लोटल्यावर. चाळीस वर्षे हस्तलिखितरूपाने पडून राहिलेला हा ग्रंथ पुढे त्या समाजाविषयी लिहू इच्छिणाऱ्या प्रत्येकाच्या लेखनाचा आधार होऊन बसला. ग्रंथकाराचा जन्म १८३० सालचा. आडनाव अलिबागच्या उत्तरेस असलेल्या किहीम गावावरून पडलेले. आणि १८७५ साली मुंबईत आपल्या समाजाच्या मुलांकरिता जी शाळा निघाली तिच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार. म्हणजे परक्या पंडिताने दुर्बिणीतून पाहून केलेले हे वर्णन नव्हे. घरच्या माणसाने घरचा वृत्तान्त सांगावा, त्या जातीचे हे लेखन आहे. घरच्या माणसास ठाऊक असणाऱ्या पुष्कळ गोष्टी त्यात आहेत, आणि घरच्या माणसास सोडवत नाहीत असे काही आग्रहही आहेत.

अशा ग्रंथाचे परीक्षण करावयाचे तर दोन मार्ग संभवतात. एक, लेखकाने दिलेल्या कागदपत्रांची छाननी करण्याचा. तो इतिहाससंशोधकांनी पुष्कळ चोखाळला आहे. दुसरा मार्ग असा की, वनस्पती, पशू वा मनुष्य यांच्या समुदायांची वाढ, पसरण आणि बदल यांविषयी शास्त्राने जे काही नियम बसविले आहेत, त्यांचा दिवा हाती घेऊन हा ग्रंथ पुन्हा वाचावा. येथे आम्ही हा दुसरा मार्ग पत्करला आहे. त्या वाचनातून आमचे जे मत बनले ते आधीच सांगून टाकतो : या ग्रंथातील उगमाची कथा हा त्याचा सर्वांत दुबळा भाग असून आडनावे, धंदा, सण व चालीरीती यांची नोंद हा सर्वांत बळकट भाग आहे, आणि या बळकट भागाचीच साक्ष काढली तर दुबळ्या भागाचे स्वरूप उलगडते.

प्रथम कथा. ख्रिस्तपूर्व १७५ च्या सुमारास, अँटायोकस एपिफेनीस राजाच्या छळास कंटाळून काही यहुदी कुटुंबे आपला देश सोडून निघाली. त्या काळी भरभराटीस असलेल्या चेऊल बंदराच्या रोखाने येत असता खांदेरी-उंदेरीच्या आसपास त्यांचे गलबत फुटले. सात पुरुष व सात स्त्रिया पोहत नवगावच्या किनाऱ्यास लागली. बुडालेल्यांची प्रेते वाहून आली त्यांस तेथेच मूठमाती दिली. पुरुषांचे एक व स्त्रियांचे एक असे दोन उंचवटे आजही तेथे दाखवितात. ग्रंथ बुडाले, सामान बुडाले; उरली ती आठवण. या सात जोडप्यांपासून सारा समाज वाढला.

ही कथा वाचताना कोकणच्या वाचकास दुसरी एक कथा आठवल्यावाचून राहणार नाही. समुद्रातून वाहून आलेल्या चौदा प्रेतांस परशुरामाने जीवदान दिले व त्यांपासून चित्पावनांचा विस्तार झाला, अशी लोककथा आपल्याकडे प्रसिद्ध आहे. तेथेही समुद्र, तेथेही मृत्यूच्या दाढेतून सुटका, आणि तेथेही चौदा हीच संख्या. कोणी कोणापासून कथा उचलली याचा वाद काहींनी घातला आहे. आम्हांस तो निष्फळ वाटतो. एकाच किनाऱ्यावर राहणाऱ्या दोन समाजांनी ‘आम्ही कोठून आलो’ या प्रश्नास एकाच साच्याचे उत्तर द्यावे, यात त्या किनाऱ्याचा गुण दिसतो. समुद्राकडे तोंड करून राहणारा मनुष्य आपला मूळपुरुष समुद्रातच शोधणार. परंतु कथेचा साचा ओळखीचा निघाला म्हणजे तीतील संख्येस इतिहासाच्या वहीत जसेच्या तसे मांडताना हात थोडा आखडला पाहिजे. केहिमकरांनी तो आखडला नाही.

आता गणिताकडे वळू. १८३० नंतरच्या दशकात या समाजाची संख्या सुमारे ६,००० असावी असा अंदाज आहे. चौदांचे सहा हजार होण्यास पावणेनऊ दुपटी लागतात. केहिमकरांची तिथी खरी धरली तर या पावणेनऊ दुपटींस दोन हजार वर्षे मिळतात. म्हणजे सुमारे २३० वर्षांस एक दुप्पट. प्राचीन काळच्या मानाने ही गती अशक्य नाही. रोगराई, अवर्षणे व बालमृत्यू यांच्यामुळे जुन्या काळी लोकसंख्या मुंगीच्याच पावलांनी वाढे. तथापि या संथ गतीने पहिल्या शतकांत काय घडले असते ते पाहावे. २३० वर्षांनी चौदांचे अठ्ठावीस, ४६० वर्षांनी छप्पन्न, आणि ६९० वर्षांनी एकशे बारा! म्हणजे जवळजवळ सात शतके हा समाज शंभर-सव्वाशे माणसांच्या आतच राहिला असे मानावे लागते. एवढ्याशा मेळाव्यावर देवीची एक साथ किंवा एक मोठा दुष्काळ कोसळता तर सारा वंशच बुडाला असता. शिवाय सात कुटुंबांची मुले एकमेकांत लग्ने करू लागली म्हणजे तिसऱ्या-चौथ्या पिढीस नात्याबाहेरचे स्थळ उरत नाही.

याच्या उलट टोकाचा हिशोबही उद्बोधक आहे. १८३० च्या दशकातील ६,००० पासून १९४८ साली ही संख्या सुमारे २०,००० वर गेली. ही गती पासष्ट-सहासष्ट वर्षांस एक दुप्पट अशी पडते. हीच गती आरंभापासून दोन हजार वर्षे अखंड चालती तर तीस दुपटी झाल्या असत्या आणि चौदांचे पंधराशे कोटींवर गेले असते. आज साऱ्या पृथ्वीवरची माणसे आठशे कोटींच्या थोडी वर आहेत! मॅल्थसने १७९८ साली जो इशारा दिला त्याचे मर्म हेच की, दुपटीचे गणित कागदावर कोठेच थांबत नाही. सृष्टीत मात्र त्याला अन्न, जागा व मृत्यू थांबवितात. म्हणून कोणत्याही समाजाचा इतिहास लिहिणाऱ्याने ‘किती काळ’ याबरोबरच ‘कोणत्या गतीने, आणि गती का बदलली’ हे विचारले पाहिजे. हा प्रश्न केहिमकरांच्या मनात उद्भवलेला दिसत नाही. त्यांस आरंभ ठाऊक आहे, आपला वर्तमान ठाऊक आहे. मधली शतके ते एका उडीत ओलांडतात.

मूठभर माणसांपासून समाज कसा वाढतो याचा एक पुरेपूर नोंदलेला दाखला पॅसिफिक महासागरातील पिटकेर्न बेटाचा आहे. १७९० साली ‘बाउंटी’ जहाजावरील नऊ बंडखोर इंग्रज खलाशी, सहा पॉलिनेशियन पुरुष व बारा पॉलिनेशियन स्त्रिया त्या ओसाड बेटावर उतरल्या. दहा वर्षांत मारामाऱ्या व रोग यांत पुरुष संपले, एकच उरला. तरीही १८५६ साली, म्हणजे सहासष्ट वर्षांनी, त्यांची संतती सुमारे १९० झाली होती, आणि बेट पुरेनासे झाल्यामुळे ती सारी मंडळी नॉरफोक बेटावर हलविण्यात आली. या दाखल्यापासून दोन गोष्टी शिकाव्यात. पहिली, लहान मेळावा आरंभीच्या संकटांतून तगला तर तो झपाट्याने वाढतो आणि मग जागेच्या मर्यादेस जाऊन अडखळतो. शतकानुशतके शंभराच्या घरात स्वस्थ बसून राहणे हे त्याचे सामान्य लक्षण नव्हे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची : जहाजांतून पुरुष येतात, पण वंश वाढतो तो बहुधा तद्देशीय स्त्रियांच्या पोटी.

येथे आपण या ग्रंथाच्या मर्मस्थानाशी येऊन पोहोचतो. सात पुरुष वाचले एवढे सांगून कथा थांबली असती तर तीत अवघड असे काहीच नव्हते. व्यापारी गलबतातून पुरुष उतरावेत हे स्वाभाविकच. पण कथा सात स्त्रियाही वाचविते, आणि त्या प्रत्येक पुरुषास एक याप्रमाणे नेमक्या वाचविते. केहिमकर या सात स्त्रियांस घट्ट धरून आहेत. का, हे समजून घेतल्यावाचून त्यांच्यावर टीका करणे अन्यायाचे होईल. मुंबईत बगदादकडून आलेले श्रीमंत यहुदी बेने इस्राएलांस बरोबरीचे मानीत नसत. यांचे रक्त शुद्ध नाही, असा त्यांचा आक्षेप. या आक्षेपाच्या सावलीत बसून केहिमकरांनी लेखणी चालविली. सात स्त्रिया म्हणजे त्यांच्या पक्षाचे सात साक्षीदार होत. त्यांपैकी एक जरी कमी झाली तरी खटला हातचा जाईल, अशी धास्ती या पानांतून जाणवत राहते. ती धास्ती निराधार नव्हती हे पुढे दिसून आले. इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यावर तेथे गेलेल्या याच समाजाच्या तरुण-तरुणींच्या विवाहांविषयी तेथील धर्माधिकाऱ्यांनी १९६० नंतरच्या पहिल्या वर्षांत पूर्वजांच्या चौकशीचा नियम लावला. मोठा गहजब झाला, निदर्शने झाली, आणि १९६४ साली या लोकांस सर्वार्थाने यहुदी मानल्याचे जाहीर झाले, तेव्हा कोठे तो प्रश्न मिटला. ज्या माणसाच्या नातवंडांचे लग्न पूर्वजांच्या हिशोबावर अडून राहणार, त्याने तो हिशोब चोख करून ठेवण्याची धडपड केली तर त्यास हसू नये.

परंतु सहानुभूती ही एक गोष्ट आणि सत्य ही दुसरी. खुद्द केहिमकरांच्या ग्रंथातच या शुद्धतेस छेद देणारी साक्ष आहे. समाजात गोरे इस्राएल व काळे इस्राएल असे दोन भाग होते, मिश्र विवाहांपासून झालेली संतती ती काळे इस्राएल, व दोहोंत बेटीव्यवहार होत नसे, असे ते सांगतात. ज्या भिंतीचा उल्लेख करावा लागतो, ती भिंत घालण्याचे कारण घडलेलेच असते. कुंपण आहे म्हणजे जाण्यायेण्याची वाट होती. केहिमकर कुंपणाकडे बोट दाखवून शुद्धता सिद्ध झाली असे समजतात. चिकित्सक वाचक त्याच कुंपणावरून वाटेचा माग काढील.

तो माग अलीकडे जनुकशास्त्राने काढला आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अठरा बेने इस्राएल व्यक्तींच्या जनुकांची इतर यहुदी, भारतीय व पाकिस्तानी समाजांच्या जनुकांशी तुलना करण्यात आली. अठरा ही संख्या लहान आहे हे विसरू नये. तरी निष्कर्ष स्पष्ट आहेत. या समाजात पश्चिम आशियातील यहुद्यांचा व येथील लोकांचा, असे दोन्ही वाटे भरीव आहेत. यहुदी वाटा पुरुषांकडून अधिक व स्थानिक वाटा स्त्रियांकडून अधिक आला आहे. ही सरमिसळ एकोणीस ते तेहेतीस पिढ्यांपूर्वीची, म्हणजे गेल्या सहस्रकातील आहे. आणि तिच्यानंतर समाज एकदा फार आकसला व मग आपापसातच लग्ने करीत वाढला. ही तिथी सरमिसळीची आहे, आगमनाची नव्हे. तेव्हा केहिमकरांचे ख्रिस्तपूर्व वर्ष तिने खोडले असे म्हणता यावयाचे नाही. पण दोन गोष्टी तिने पक्क्या केल्या. यहुदी पूर्वज होते, हा समाजाचा परंपरागत दावा खरा ठरला. आणि गाळीव शुद्धतेचा दावा खोटा ठरला. सात पुरुष राहिले. सात स्त्रियांच्या जागी मात्र याच किनाऱ्यावरच्या, जिचे नाव कोणत्याही कथेने ठेविले नाही, अशा स्त्रिया उभ्या राहिल्या. आमच्या मते हे या समाजास कमीपणा आणणारे नाही. कथेने ज्यांस वगळले त्या आज्या परत मिळाल्या, असेच त्याकडे पाहावे.

आता ग्रंथाच्या बळकट भागाकडे येऊ, आणि येथे केहिमकरांची जितकी स्तुती करावी तितकी थोडीच. समाजाच्या पसरण्याचा नकाशा त्यांनी आडनावांतून जपून ठेवला आहे. नवगावकर, आवासकर, झिराडकर, नागावकर, चेऊलकर, पेझारकर, पेणकर, रोहेकर, अष्टमकर, दिवेकर, राजपूरकर : ही आडनावे ओळीने वाचीत गेले तर नवगावच्या पुळणीपासून निघून खाड्यांच्या काठाकाठाने आत सरकत गेलेली वस्ती डोळ्यांपुढे उभी राहते. अशी आडनावे शंभराहून अधिक आहेत. एवढ्या लहान समाजास एवढी गावे कशास लागली? याचे उत्तर धंद्यात सापडते असे आम्हांस वाटते. तेल गाळणे हा यांचा मुख्य धंदा. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून ‘शनवार तेली’ हे नाव पडले. एका गावास लागणारे तेल एक-दोन घाण्यांत निघते. तिसरा घाणा आला की तिघेही उपाशी. म्हणून धाकट्या मुलाने बैल घेऊन पुढचे गाव गाठावयाचे. ज्याप्रमाणे एका वडाखाली दुसरा वड वाढत नाही, पाखरांनी बी दूर नेऊन टाकावे लागते, त्याप्रमाणेच हे झाले. याच विखुरलेपणामुळे समाज एका जागी गर्दी करून राहिला नाही, कोणाच्या डोळ्यांत सलला नाही, आणि शेजाऱ्यांची भाषा, पेहराव व अन्न त्याने सहज आपलेसे केले.

सणांचे वर्णनही तसेच मोलाचे. वर्षारंभाच्या यहुदी सणास ‘नव्याचा सण’, प्रायश्चित्ताच्या उपवासाच्या दिवशी घराची दारे लावून बसत म्हणून त्यास ‘दारफळणीचा सण’, आणि यरुशलेमच्या मंदिरविध्वंसाच्या दुखवट्यास, त्या दिवशी वालाचे बिरडे खात म्हणून, ‘बिरड्याचा सण’! अलिबागच्या गृहिणीस बिरड्याची निराळी ओळख करून द्यावयास नको. हजारो कोसांवरच्या मंदिराचे दुःख मोड आलेल्या वालांच्या रूपाने या किनाऱ्यावर टिकून राहिले. एलियाहू नबीच्या नावाने होणाऱ्या मलिद्यात पोहे व खोबरे आहे. बीज बाहेरचे, माती येथली, आणि जे उगवले ते दोहोंहून थोडे निराळे : सजीवांच्या बदलाचा हा नियम याहून सोप्या दाखल्याने शिकविता येणार नाही.

मात्र या सामग्रीवरून काढलेल्या एका अनुमानाशी आम्ही सहमत नाही. या लोकांस हनुक्काचा सण ठाऊक नव्हता. तो सण ख्रिस्तपूर्व १६४ च्या विजयाचा. सबब यांचे पूर्वज त्याआधीच निघाले असले पाहिजेत, असा युक्तिवाद केला जातो. वरवर तो बिनतोड दिसतो. पण लहान समुदायांविषयी शास्त्र जे सांगते ते येथे लक्षात घ्यावे. मोठ्या समुदायात एखादा गुण दहा ठिकाणी असतो, एक ठिकाणचा गेला तरी नऊ उरतात. मूठभरांत तो एकाच घरी असतो, ते घर बुडाले की गुणही बुडतो. त्यात त्या गुणाचा दोष नसतो, निव्वळ दैवगती असते. जनुकांविषयी जे खरे तेच चालीरीतींविषयी खरे. या समाजाने हिब्रू भाषा गमावली, धर्मग्रंथ गमावले. सुंता, शनिवारची विश्रांती, ‘शेमा’ ही प्रार्थना व खवले-पर असलेलेच मासे खाण्याचा नेम एवढे राखले. मासे निवडण्याच्या या नेमावरूनच डेव्हिड रहाबी याने त्यांस ओळखले व झिराडकर, शापूरकर आणि राजपूरकर या तीन घराण्यांतील तरुणांस धर्मशिक्षण दिले, अशी परंपरा आहे. ज्यांनी एवढे गमावले त्यांनी एक सण गमावला नसेल कशावरून? जे नाही ते कधीच नव्हते, असे अनुमान मोठ्या समाजाविषयी कदाचित करता येईल. चौदांच्या समाजाविषयी नाही.

या ग्रंथानंतरची कथा केहिमकरांस पाहावयास मिळाली नाही. अठराव्या शतकापासून कंपनीच्या पलटणीत व मुंबईच्या कामधंद्यांत शिरलेला हा समाज, १७९६ साली सॅम्युएल दिवेकरांनी मुंबईत बांधलेल्या सिनेगॉगभोवती गोळा झाला. किनाऱ्यावर रेवदंडा, अलिबाग, पेण येथेही एकोणिसाव्या शतकात सिनेगॉग उभे राहिले. संख्या वाढत १९४८ साली शिखरास पोहोचली. त्यानंतर बहुतेक समाज इस्राएलात निघून गेला व भारतातील संख्या पाच हजारांच्या खाली आली. अलिबागच्या इस्राएल आळीचे नाव कायम आहे. आळीत त्या नावाची कुटुंबे थोडी उरली आहेत. पण ही घट मृत्यूची नसून स्थलांतराची आहे. तिकडे गेलेल्यांनी ‘मायबोली’ या नावाचे मराठी नियतकालिक चालविले, मलिदा चालू ठेवला, आणि नवगावकर, पेणकर ही आडनावे भूमध्य समुद्राच्या काठी नेली. ज्या दिशेने गलबत आले असे कथा सांगते, त्या दिशेस आता बिरडे गेले आहे.

केहिमकरांचा ग्रंथ कोणी कसा वाचावा, हे यावरून ठरविता येईल. तिथ्या व मूळ संख्या यांकरिता वाचू नये; तेथे लेखक वकिलाच्या भूमिकेत आहे आणि पक्षकारावरील त्याचे प्रेम फार मोठे आहे. घाणा, आडनावे, सण, मासे, काळे-गोरे यांचा भेद, यांकरिता मात्र अवश्य वाचावा. तेथे तो डोळे उघडे ठेवून पाहतो व पाहिलेले प्रामाणिकपणे लिहितो, इतके की स्वतःच्या पक्षाविरुद्ध जाणारा पुरावाही दडवीत नाही. हा प्रामाणिकपणा नसता तर आज आपल्याला त्यांची चूक त्यांच्याच पानांवरून दाखविता आली नसती. आपणांपैकी किती कुलवृत्तान्तकारांविषयी असे म्हणता येईल, याचा विचार ज्या घरांत मूळपुरुषांची वंशावळ चौकटीत लावून ठेवलेली आहे त्यांनी करावा. त्या चौकटीतही बहुधा पुरुषांचीच नावे असतात. त्यांच्या बायका कोठल्या, हे कोणी लिहून ठेविलेले नसते.